वारा फोटोत दिसतच नाही, काय करू?

प्रश्न

गेले काही आठवडे मी एक काम अंगावर घेतलंय. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. एकेकाला एक आठवडा द्यायचा आणि शेवटी एकेकाचा एकच फोटो ठेवायचा. बाकीचे कितीही जीव लावणारे असोत, बाजूला. नियम माझेच आहेत: एक कॅमेरा, एक ५० मिमीची लेन्स, आणि चौकटीत माणूस नको.

पाण्यानं मला सांभाळून घेतलं. ठेवलेला फोटो नळाच्या थेंबाचा आहे. लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (जवळची वस्तू मोठी दिसावी म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची नळी) जोडली, खोलीत अंधार केला, फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली, म्हणजे तो इतका थोडा वेळ चमकतो की थेंब जागच्या जागी गोठतो. दोनशेच्या वर फोटो काढले. थेंब तोटीपासून सुटताना त्याची मान बारीक होत होत दोऱ्याएवढी होते, आणि तुटली की त्या दोऱ्याचाही एक इवलासा थेंब बनतो, मोठ्याच्या मागोमाग येणारा. इतकी वर्षं नळ वापरतेय, हा धाकटा थेंब कधी पाहिला नव्हता. तो दिसला त्या रात्री मला झोप लागली नाही.

मातीचा आणि आगीचा फोटोही मिळाला. वाऱ्यापाशी मात्र घोडं अडलंय. एक आठवडा संपून दुसरा चालू आहे. वाळत घातलेले कपडे काढले, पाचोळा काढला, माळावरचं गवत काढलं. फोटोत कपडे दिसतात, पाचोळा दिसतो, गवत दिसतं. वारा नाही. शटर १/१००० सेकंद उघडं ठेवून काढलं तर गवत तसंच वाकडं उगवलंय असं वाटतं. १/४ सेकंदाला काढलं तर नुसता हिरवा फराटा येतो आणि बघणारा विचारतो, कॅमेरा हलला का?

ज्यांना वारा पकडता आलाय त्यांनी कसा पकडला ते सांगाल का? आणि पुढचा आठवडा आकाशाचा आहे, त्याचीही धास्ती आहे. ढगांचे फोटो काढले की ते ढगांचेच होतात.

प्रतिसाद १

कॅमेरा हलला का असं विचारतात, कारण तुमच्या चौकटीत न हललेलं काहीच नाही. डोळ्याला एक तरी गोष्ट ठाम हवी. गवतात अर्धा बुडालेला दगड, कुंपणाचा खांब, एखादं वाळकं खोड, काहीही चालेल, पण ते गवताच्याच अंतरावर असू द्या आणि फोकस त्याच्यावर नेमका बसवा. मग त्याच्याभोवतीचा फराटा वाऱ्याचा आहे हे सांगावं लागत नाही.

शटरचा आकडा वाऱ्यावर ठरतो. जोराचा असेल तर १/१५ सुद्धा पुरतो, मंद झुळुकीला अर्धा सेकंद लागेल. भर उन्हात एवढा वेळ शटर उघडं ठेवणं जमत नाही. सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळसर काच, उजेड ६४ पटीनं कमी करतो, तो असला तर लावा. नसला तर सूर्य मावळल्यावर जा, तो उजेड गवताला जास्त शोभतो असं माझं मत आहे. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, वारा त्यालाही धरतो. आणि एकाच चौकटीचे वीस-तीस फोटो घ्या. वारा एका लयीत वाहत नाही, दोन झोतांमध्ये थांबतो. गवत झुकून पुन्हा उठू लागतं तेव्हाचा फोटो मला नेहमी सगळ्यात जिवंत वाटत आलाय.

आता मला मनापासून सांगायची ती गोष्ट. कोरड्या बारीक वाळूत एकटं उगवलेलं गवताचं पातं शोधा. पातं वाकून टोक वाळूला टेकलेलं हवं. वारा पात्याला इकडून तिकडे फिरवतो आणि टोक वाळूत कमान कोरतं. वारा दिशा बदलत राहिला तर जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतं, कंपासनं काढल्यासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी काडीनं काढलंय असंच वाटलं. आजूबाजूला पावलं शोधली. एकही नव्हतं. गुडघे टेकून बसलो तर डोळ्यांसमोर पातं हललं आणि कमानीत आणखी चार कण सरकले. तिथे लांब एक्स्पोजरची, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवण्याची, गरजच नाही, चित्र वाऱ्यानं आधीच काढून ठेवलेलं असतं. फक्त उजेड तिरपा हवा. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ती खाच दिसेनाशी होते.

प्रतिसाद २

वरचा सल्ला चांगलाच आहे, पण तुम्ही जोराच्या वाऱ्यामागे लागला आहात असं वाटतं. हळू वारा शोधून पाहा.

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ च्या सुमाराला वाऱ्याची मोजपट्टी तयार केली, तिला यंत्र लागत नव्हतं. वारा जहाजाचं आणि शिडांचं काय करतो एवढंच बघायचं. पुढे तिचं जमिनीवरचं रूप आलं, ते फोटो काढणाऱ्यानं पाठच करावं असं आहे. पहिल्या पायरीला फक्त धूर कलतो. दुसरीला चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात. तिसरीला पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. चौथीला धूळ आणि सुटे कागद उडतात. पाचवीला पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. तुमचे कपडे आणि पाचोळा बहुधा चौथीच्या आसपासचे. पहिली पायरी तुम्ही अजून काढलेलीच नाही.

धुरानं वारा दाखवायची रीत जुनी आहे. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०० च्या आसपास काचेच्या पेटीत धुराच्या समांतर रेघा सोडल्या, वाटेत वेगवेगळ्या आकारांचे अडथळे ठेवले आणि फोटो घेतले. रेघा अडथळ्याला वळसा घालतात आणि त्याच्या मागे भोवरे होतात. हवेचा स्वभाव इतका स्पष्ट दाखवणारे फोटो मी दुसरे पाहिलेले नाहीत.

घरी मेणबत्ती विझवून हेच करता येईल. विझल्यावर वातीतून येणारा पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण. (त्या धुराला वरून पेटती काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली वातीवर उतरते. जमलं तर तेही टिपा, पण तो आगीचा फोटो झाला.) मागे काळं कापड, फ्लॅश बाजूनं आणि थोडा मागून, कापडावर त्याचा उजेड पडू न देता. पंखा बंद, दार बंद, श्वास धरून ठेवा. धूर वीतभर दोरीसारखा सरळ चढतो आणि मग एकाएकी विस्कटतो. तो विस्कटण्याचा क्षण माझ्या मते तुमचा फोटो आहे.

प्रतिसाद ३

वाऱ्याबद्दल वरच्या दोघांनी सांगितलंच आहे. मी आकाशाबद्दल लिहिते.

पंचमहाभूतांतलं आकाश म्हणजे वरचं निळं छत नव्हे, ते अवकाश आहे. पोकळी. इतर चार भुतांना राहायला जागा देणारं. हे लक्षात आल्यावर मी ढगांकडे कॅमेरा धरायचं सोडलं आणि फटी शोधायला लागले. काही उंच झाडांचे शेंडे शेजारच्या झाडाला टेकत नाहीत, मध्ये हातभर जागा सोडतात. खाली उताणं पडून बघितलं तर त्या जागा नदीच्या फाट्यांसारख्या दिसतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड येऊ द्यायचा ते, आकाशाला धरून लावा, पानं काळी पडू द्या, म्हणजे उरलेल्या जागेला आकार येतो. तुमच्या ५० मिमीत फार थोडं मावेल, पण थोडंच मावणं इथे बरं.

प्रश्नकर्तीचं उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण सगळं करून बघितलं.

दगड आणि गवत पहिल्या दिवशी फसलं. दगड मोठा निवडला, फोटो दगडाचा झाला. दुसऱ्या दिवशी मुठीएवढा घेतला, १/८ सेकंद, आणि पहिल्यांदाच कुणी कॅमेऱ्याबद्दल विचारलं नाही. धुराचे साठ-सत्तर फोटो काढले. त्यातला एक इतका देखणा आहे की तो बाजूला ठेवताना जिवावर आलं. पण तिथला वारा मीच दार बंद करून घडवलेला होता, हे मनातून जाईना.

पातं शोधायला चार सकाळी गेल्या. पाचव्या सकाळी, सूर्य नुकताच वर आला होता, कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रातल्या वाळूत ते मिळालं. पूर्ण वर्तुळ नाही, पाऊण असेल. एका बाजूला एकात एक चार कमानी होत्या. त्यातली बाहेरची सगळ्यात खोल, तिच्या कडेला वाळूचा बांध चढलेला आणि त्या बांधाची सावली दुसऱ्या कमानीत पडलेली. आतल्या तीन पुसट होत्या. मला वाटतं पातं वाढत गेलं तशी कमान बाहेर सरकली असावी. उरलेल्या पाव भागात वाळू अगदी गुळगुळीत होती, त्या दिशेला वारा पात्याला कधी नेतच नसणार.

१/३० सेकंद ठेवला. पात्याचं टोक धूसर आलंय, कमानीतला कण न् कण मोजता येतो. वाऱ्याचा फोटो म्हणून हाच ठेवलाय.

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचं होतं. पानं काळी पडू द्यायची म्हणता, पण सकाळी पानांच्या कडांना जी पिवळी किनार येते ती घालवायला मन होत नाही. तुम्ही नेमक्या कोणत्या वेळी झाडाखाली जाता?