मराठवाडा वॉटर ग्रिडने लातूरची तहान भागेल का?

प्रश्न: मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वॉटर ग्रिड योजनेनुसार मराठवाड्यातील ११ धरणे जलवाहिन्यांनी जोडल्यास ही वेळ टळेल का?

उत्तर १: काही अंशी. एका धरणातील शिल्लक पाणी दुसरीकडे वळवता येईल. परंतु पावसाने सगळीकडेच ओढ दिली, तर जोडलेली धरणेही तळच गाठतील आणि त्यांपैकी जायकवाडी धरणाची भिस्त तर नाशिक-नगरकडून येणाऱ्या पाण्यावर आहे.

उत्तर २: मला तर मांजरा खोऱ्यातील भरमसाट पाणी पिणाऱ्या उसाची अधिक चिंता वाटते. जलवाहिन्या टाकण्याआधी उसाला ठिबक सक्तीचे करावे आणि पिण्याचा साठा पावसाळा संपताच राखून ठेवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शहरातील जुन्या नळजोडांची गळतीही आधी थांबवायला हवी, असे आपल्याला वाटते का?

उत्तर २: निश्चितच, शिवाय प्रत्येक जोडणीला मीटर हवा.