उत्तरं जुळली म्हणजे खरी ठरली का?

इमारतीला किती ऊर्जा लागेल याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एक म्हणणं आहे: "तीन सॉफ्टवेअरचे आकडे जुळले, म्हणजे मॉडेल अचूक." मला ते अर्धंच पटतं. तिघांनी एकच चूक केली असेल तरी आकडे जुळणारच की!

अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतून १९९५ साली आलेली 'बेसटेस्ट' पद्धत (पुढे हीच ॲशरे या अमेरिकन अभियंता संस्थेच्या १४० क्रमांकाच्या मानकात गेली) वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या आकड्यांची नेमकी अशीच तुलना करते. ८ × ६ × २.७ मीटरची एक खोली, दक्षिणेला १२ चौ. मी. काच. केस ६०० (म्हणजे चाचणी क्र. ६००) मध्ये हलक्या भिंती आणि जमीन, ९०० मध्ये जड. बाकी खोली तीच. मग एकेक गोष्ट बदलत जायचं: सावली, खिडकीची दिशा, रात्रीचं वायुवीजन. गंमत इथेच आहे. ६०० ला आकडा इतर सॉफ्टवेअरच्या आकड्यांच्या पट्ट्यात बसला आणि ९०० ला भरकटला, तर संशय थेट भिंती-जमिनीच्या उष्णता साठवणुकीच्या गणितावर. म्हणजे ही परीक्षेपेक्षा रोगनिदान जास्त.

प्रत्यक्ष मोजमापाशी ताडणं वेगळंच. जर्मनीत होल्झकिर्खेनला दोन एकसारख्या, जुळ्या घरांवर ते झालं. मॉडेल करणाऱ्यांना आधी मोजमापं दाखवलीच नाहीत. आपल्या प्रकल्पात मात्र विजेची बिलं समोर ठेवून मॉडेलमधला हवागळतीचा (फटींतून आत-बाहेर जाणाऱ्या हवेचा) आकडा जुळेपर्यंत हलवतात आणि त्याला 'कॅलिब्रेशन' म्हणतात.