मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांशी बोलायला कोणी येईल का? (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी 'पुढं काय?' यावर एक दिवस ठेवायचा विचार आहे. मुलांकडून आधी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. निम्म्या पोरांनी पोलीस भरती, बऱ्याच मुलींनी नर्स, आणि एकाने नुसतं 'जेसीबी' लिहिलंय. (चालवायचा की विकत घ्यायचा, देव जाणे.)

व्याख्यान नकोय. 'मोठी स्वप्नं बघा' सांगणारे पाहुणे दरवर्षी येतात आणि शाल-नारळ घेऊन जातात. मला रोज काम करणारी माणसं हवीत: कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) चालवणारा, मिरजेतला लॅब टेक्निशियन, दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली एखादी मुलगी. पगार किती, शिफ्ट कुठली, फी कशी भरली, एवढं सांगितलं तरी बास.

दुसरी अडचण पालकांची. अकरावीला गणित सोडलं की इंजिनीअरिंगची वाट जवळपास बंद होते, हे पोरांआधी त्यांना कळायला हवं. आठवीतल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचंही तेच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायचं कुणाच्या ध्यानातच नसतं. त्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, माणूस बागेतून हलत नाही. रात्री जेवणं झाल्यावर देवळात बोलावलं तर येतील का? कुणी असं करून बघितलंय?

येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे. इथंच कळवा.