‘झोपेची गोळी’ हा एकच शब्द किती औषधांना पुरवायचा?

खलबत्ता (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवून मी गेल्या वर्षी ते पुतण्याच्या हवाली केले. इतक्या वर्षांत गल्ल्यावर सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर ‘ती झोपेची द्या, नसेल तर त्यातली दुसरी कोणतीही चालेल’ हे मी डोळे मिटून सांगेन. हा धागा त्या ‘कोणतीही चालेल’बद्दल आहे.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, क्लोबाझम, मिडाझोलम ही सारी बेंझोडायझेपिन कुळातली औषधे आहेत. मेंदूतील पेशींची उत्तेजना आवरणारे गाबा हे द्रव्य पेशीवरच्या ज्या ग्राहीवर (संदेश स्वीकारणाऱ्या जागेवर) बसते, त्याच ग्राहीवर वेगळ्या जागी बसून ही औषधे गाबाचा परिणाम वाढवतात. इथवर वाद नाही. मात्र पोटातून मेंदूपर्यंत पोचायला कोणाला किती वेळ लागतो, शरीरात मुक्काम किती आणि बाहेर पडण्याची वाट कोणती, हे प्रत्येकाचे निराळे आहे, आणि त्यावर घेणाऱ्याचे वय, यकृत, आनुवंशिकता व सोबतची औषधे यांची भर पडते.

आमच्या आळीतल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका काकूंना झोप लागेना, म्हणून सुनेने पाठीच्या उसणीसाठी लिहून मिळालेली स्वतःची डायझेपामची पाच मिलिग्रॅमची गोळी त्यांना रोज रात्री द्यायला सुरुवात केली. सून स्वतः ती गोळी घेऊन सकाळी सहाला पाणी भरायला उठत असे. काकूंना पहिल्या दोन रात्री छान झोप लागली, पुढे दिवसाही डोळे जड राहू लागले आणि सहाव्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला (हाच अर्धायुकाल) विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात तोच काळ ९० तासांच्या आसपास जातो, कारण औषध चरबीत मुरते आणि वयाबरोबर शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते. त्यातून यकृतात त्याचे जे नॉरडायझेपाम बनते, तेही गुंगी आणणारेच असून त्याहून अधिक काळ टिकते. म्हणजे काकूंच्या शरीरात सहाव्या दिवशी एक गोळी नव्हती. मागच्या गोळ्यांचा साठा होता.

लोराझेपामचा हाच काळ १० ते २० तासांचा आहे आणि ते यकृतात एकाच पायरीत निकामी होऊन मूत्रावाटे जाते. दारूने यकृत खंगलेल्या रुग्णाची दारू सोडवताना नेहमीच्या क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी डॉक्टर लोराझेपाम निवडतात ते याचमुळे. मिडाझोलम दोन-तीन तासांत ओसरते, म्हणून ते दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी आणि भूल देताना वापरतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन यकृतातील औषधे मोडणारी एन्झाइम इतकी वाढवते की अल्प्राझोलम किंवा पोटातून घेतलेले मिडाझोलम जवळजवळ वाया जाते. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून रुग्ण मात्रा वाढवतो. सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपतो, दोन-तीन आठवड्यांत एन्झाइम पूर्वपदावर येतात आणि तीच वाढलेली मात्रा अंगावर येते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचे इट्राकोनाझोल यांच्यामुळे नेमके उलट होते, म्हणजे गोळी अंगात साचते.

तेव्हा माझे म्हणणे असे की, सगळ्या झोपेच्या गोळ्या सारख्या, हा समज गोळीची सवय लागण्याइतकाच घातक आहे, आणि लोकांना हे फरक समजावून सांगितले पाहिजेत.

तिसरा प्रहर

आपण मांडलेली औषधशास्त्रीय माहिती बरोबर आहे आणि तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही. मी व्यसनमुक्ती केंद्रात काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला हे फरक आपल्यापेक्षा अधिक तपशिलाने पाठ असतात. ‘अल्प्राझोलम लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून मी रात्रीसाठी क्लोनाझेपामवर आलो, ते मला मानवते’ असे तो शांतपणे सांगतो, आणि या ‘मानवण्या’च्या शोधात त्याची चार वर्षे गेलेली असतात. मानवणे हा शब्दच मला धोक्याचा वाटतो. चहा मानवतो, हवा मानवते, तशी ही गोळी होऊन बसते.

नाव कोणतेही असो, रोज घेतल्यास काही आठवड्यांत शरीर तिच्याशी जुळवून घेते आणि एकाएकी थांबवल्यास निद्रानाश, थरकाप, प्रसंगी आकडी येते. ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने १९८८ मध्येच ही औषधे चिंता व निद्रानाश यांसाठी दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असे सांगितले, तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सवय, गैरवापर आणि थांबवतानाचे त्रास यांबद्दलचा औषधाच्या माहितीपत्रकावरील चौकटीतील इशारा अधिक कडक केला. हा इशारा एकट्या अल्प्राझोलमवर नाही, संपूर्ण वर्गावर आहे. मालेगावात पोरे ‘कुत्ता गोळी’ (नशेसाठी घेतले जाणारे अल्प्राझोलम) मागतात तेव्हा अर्धायुकाल विचारत नाहीत. २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली तेव्हा नांदेडच्या शेजारच्या निजामाबादकडे रोजची ताडी बंद झालेली माणसे भ्रम आणि झटके येऊन रुग्णालयांत आली. अल्प्राझोलम किंवा डायझेपाम घातलेल्या ताडीतून आपण नेमके काय पीत होतो, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हते.

सर्वसामान्य वाचकाला एकच गोष्ट सांगायला वाव असेल, तर ती ‘हे सगळे एकाच कुळातले आहे, जपून’ हीच असावी. फरकांचा अभ्यास डॉक्टरांनी करावा.

कोरडवाहू

‘एकाच कुळातले’ या वाक्याने आमच्या घरी काय केले ते सांगतो. माझ्या मुलीला अपस्मार (आकडी येण्याचा आजार) आहे आणि इतर औषधांबरोबर तिला क्लोबाझम चालू आहे. ‘ही झोपेचीच गोळी, लहान वयात व्यसन लावाल’ असे एका सुशिक्षित नातेवाइकाने माझ्या आईला बजावले, आणि मी परगावी असताना आईने मायेपोटी ती गोळी दोन दिवस दिलीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलीला एकामागून एक आकड्या आल्या. त्या वेळी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा घरात होता म्हणून दवाखान्यापर्यंत पोचता आले. तो फवाराही त्याच कुळातला.

आणखी एक अनुभव धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. वजनाने आणि वयाने सारख्या असलेल्या दुसऱ्या एका मुलाला तेवढ्याच मात्रेत इतकी ग्लानी यायची की तो वर्गात बाकावर डोके टेकून असे. डॉक्टरांनी समजावले ते असे की, क्लोबाझमपासून यकृतात बनणारा घटक ज्या सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे हटवला जातो, तो काहींमध्ये जन्मतःच निकामी असतो आणि त्यांच्या रक्तात तो घटक कित्येक पटींनी साचतो. अशी माणसे युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतात. मात्रा निम्म्याने कमी केल्यावर तो मुलगा सावरला. हा फरक पालकांना सांगायचा नाही, तर ‘पोरगा आळशी झाला’ असेच ते समजत राहणार.

सांजवात

मला दोन्ही बाजूंना थोडे थांबवायचे आहे. वडील एक्क्याऐंशीचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांना पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलम दिले गेले. झोपायचे सोडून ते पहाटेपर्यंत उठून दार उघडत होते, ‘बैल सुटलेत’ म्हणून ओरडत होते. आमच्याकडे बैल असल्याला चाळीस वर्षे झाली. औषधाने शांत होण्याऐवजी माणूस बिथरण्याचा हा उलटा परिणाम क्वचितच होतो, पण लहान मुले, वृद्ध आणि दारूची सवय असलेले यांच्यात तो अधिक संभवतो, असे नंतर कळले.

खलबत्ता यांनी सर्व काही यकृतावर आणि तासांवर बसवले आहे. पण रक्तातील औषधाचे प्रमाण सारखे असले तरी म्हाताऱ्या मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो, हेही सिद्ध झालेले आहे. तेव्हा ‘लोराझेपाम लवकर जाते, म्हणजे आजोबांना सुरक्षित’ असा अर्थ कुणी आपल्या लेखातून काढला तर? पडण्याचा धोका कमी मुक्कामाच्या औषधांनीही टळत नाही.

तिसरा प्रहर

कोरडवाहू, अपस्मारात मी माझे विधान मागे घेतो. आकडी थांबवण्यासाठी या औषधांना तोड नाही, आणि तिथे तर फरक मिनिटांत मोजावे लागतात: शिरेतून दिलेले डायझेपाम मेंदूत झटकन पोचते, पण लवकरच चरबीत पसरून परिणाम ओसरू लागतो, तर लोराझेपाम जास्त वेळ टिकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत रुग्णवाहिकेतच स्नायूत टोचलेल्या मिडाझोलमने ७३ टक्के रुग्णांची आकडी रुग्णालयात पोचेपर्यंत थांबली होती, तर शिरेतील लोराझेपामने ६३ टक्क्यांची. कारण झटके येत असलेल्या हाताची शीर शोधण्यात वेळ जातो.

पण झोप आणि चिंता यांबाबत मी ठाम आहे. आमच्याकडे येणारा निम्मा गोंधळ गोळीवरच्या मिलिग्रॅमच्या आकड्यांचा असतो. डायझेपाम पाच मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे दुसरी गोळी दहा पट सौम्य, असे समजून माणसे दोन-दोन घेतात. प्रत्यक्षात अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम हे पाच ते दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या तोलाचे धरतात, आणि अशा तुलनेच्या कोष्टकाकोष्टकांत दुपटीचा फरक आहे.

खलबत्ता (धागाकर्ता)

तिसरा प्रहर, आपण शेवटच्या परिच्छेदात माझीच बाजू मांडलीत. गोळीवरचा आकडा लहान म्हणून गोळी सौम्य, हा गैरसमज ‘सगळ्या सारख्या’ या एका वाक्यातूनच जन्मतो. आपले ‘एकाच कुळातले, जपून’ हे बजावणे तो दूर करू शकत नाही.

सांजवात यांचा आक्षेप मात्र मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. वृद्धांसाठी यातले कोणतेही औषध ‘सुरक्षित’ नाही. काही अधिक वाईट आहेत, इतकेच. वडिलांच्या कागदांवर ‘अल्प्राझोलमने बिथरले’ असे तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते आपणहून दाखवा, कारण तिथे मिडाझोलम देण्याची पद्धत आहे आणि कुणी विचारेलच याची खात्री नाही.

एक कबुलीही देऊन टाकतो. १ मार्च २०१४ पासून यातली बहुतेक औषधे शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या सरकारी यादीत आली. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव, तसेच किती दिले, हे वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षे जपावी लागते. त्याआधीही चिठ्ठी लागतच होती, पण ओळखीच्या माणसाला चार गोळ्या कापून देताना माझा हात अडखळत नसे. काकूंच्या सुनेचे ते पाकीट माझ्याच दुकानातले होते. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा चिठ्ठी जुनी होती, आणि गोळ्या कोणासाठी हव्यात हे मी विचारले नव्हते.

कोरडवाहू

वहीत रुग्ण म्हणून त्या सुनेचेच नाव लिहिले गेले असते, नाही का?

खलबत्ता (धागाकर्ता)

हो. आणि वही अगदी नियमाप्रमाणे भरलेली दिसली असती.