टेलव्हील विमान टेकल्यावरच आडवं का पळतंय?

उजळाईवाडीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मूळचा कोल्हापूरचा, सध्या टेक्सासात असतो, दोन आठवडे सुट्टीवर घरी आलोय. सेसना १७२ वर (तिसरं चाक नाकाखाली) २०० च्या वर तास झालेत, आता सिटाब्रियावर टेलव्हीलचं, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानाचं शिकतोय, ६ तास झाले तरी इन्स्ट्रक्टर सहीचं (टेलव्हील चालवायची परवानगी लॉगबुकात देतात ती) नाव काढत नाही आणि खरं सांगायचं तर बरोबरच आहे त्याचं. अप्रोच ठीक, थ्री-पॉइंट लँडिंगपण (तिन्ही चाकं एकदम टेकवायची) बऱ्यापैकी बसतंय, पण टेकून वेग निम्म्यावर आला की नाक डावीकडं निघतं, मी उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायातल्या पेडलनं फिरतं) दाबतो तोवर ते उजवीकडं पळत असतं, मग डावा, मग अजून जोरात उजवा, शेवटच्या वेळी तर रनवे सोडून थेट गवतात. विमानाला काय झालं नाही, माझी मात्र चांगलीच जिरली. पाय उशिरा पडतात म्हणतो तो. म्हणजे नेमकं करायचं काय?

ट्रॉलीवाला_शिरोळ:
भावा विमान मी खालनंच बघितलंय, पण हे दुखणं ओळखीचं वाटतंय. उसाची दोनचाकी ट्रॉली रिव्हर्स घेतलीयस का कधी? पुढं ओढताना आपोआप सरळ येते, मागं ढकलताना जरा वाकडी झाली की वाकडीच होत जाते. वाकडी झालेली दिसल्यावर स्टिअरिंग फिरवलं तर गेलंच, मागं लाईनीतले शिव्या घालतात. इवलंसं हलवायचं, लगेच परत आणायचं, परत इवलंसं.

धावपट्टी_०७:
शिरोळवाल्यांनी सगळं फिजिक्स सांगून टाकलं राव 😄 सेसनात वजनाचा मध्य मेन, म्हणजे मोठ्या दोन चाकांच्या पुढं असतो, त्यामुळं ती सरळच व्हायला बघते. टेलव्हीलमध्ये तो मेन चाकांच्या मागं. नाक जरा वळलं की मागचं वजन तसंच पुढं जायला बघतं, वळण वाढतच जातं, आणि वेळेत धरलं नाही तर गिरकी, म्हणजे ग्राउंडलूप. त्यात वेग कमी झाला की रडरवरनं हवा कमी जाते, म्हणजे पाय जास्त लागतो नेमका तेव्हाच रडर मऊ पडतं. तू टेकल्यावर "झालं एकदाचं" म्हणून सैल सोडतोस असा माझा अंदाज. स्टिक (हातातला दांडा) पोटाशी ओढून धर म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला घट्ट राहील, वारा आडवा असेल तर एलरॉन (पंखांच्या टोकाच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याकडं, म्हणजे स्टिक वाऱ्याच्या बाजूला, आणि नजर नाकासमोर नको, रनवेच्या पार शेवटाला. मी पण जवळ बघायचो, आणि जवळ बघितलं की नाक हललेलं कळतच नाही. पाय दाबून धरायचा नाही, टपटप मारायचा. टेकऑफला शेपटी उचलताना पण नाक डावीकडं ओढतं, प्रॉपेलरचा जायरो इफेक्ट आहे तो, तिथं उजवा पाय आधीच तयार पाहिजे. आणि तास मोजत बसू नको, अमेरिकेच्या नियमात या सहीला तासांचा आकडाच नाही, आडव्या वाऱ्यातली टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (आधी मेन चाकं टेकवून शेपटी वर ठेवायची) आणि गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जायचं) नीट आलं पाहिजे, बास.

पुष्पकवाले_काका:
पोरा, आम्ही सुरुवातच एचएएलच्या पुष्पकवर केली, ९० हॉर्सपॉवर, कापडाचं अंग, शेपटीला चाक. दुसरं विमान माहीतच नव्हतं त्यामुळं अवघड आहे हे कुणी सांगितलंच नाही. तुझे पाय सेसनानं आळशी केलेत एवढंच. आमचे मास्तर पहिले काही दिवस नुसतं टॅक्सी करायला लावायचे, पाय सतत हलते ठेवून, आणि विमान बांधून ठेवेपर्यंत बूट पेडलवरनं काढू द्यायचे नाहीत. बाकी तिकडं म्हणे १५ एप्रिल १९९१ च्या आधी टेलव्हीलवर पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले तास असले तर ही सही लागतच नाही, म्हणजे मी आलो तर तुझ्यापुढं 😀

उजळाईवाडीचा_पोरगा:
काका या की, इन्स्ट्रक्टरला पण बरं वाटेल. ०७ भाऊ, "झालं एकदाचं" हे शंभर टक्के खरं, टेकल्या टेकल्या मी खांदेच सोडतो, आत्ता लिहिताना लक्षात आलं. तोवर इथं मामाकडं ट्रॉली आहे, हंगाम संपलाय, रिकामीच उभी आहे, उद्या सकाळी रिव्हर्स मारून बघतो.

ट्रॉलीवाला_शिरोळ:
रिकामी लई थयथयते. गोठ्यापासनं लांब मार.