सुतातली वीज

वर एकांनी लिहिलंय की स्थिर विद्युत म्हणजे फुगा केसांवर घासायचा शाळकरी खेळ, बाकी काही नाही. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी यंत्रमाग कारखान्यात येऊन बघा राव. हवा ठणठणीत कोरडी. चादरीचं सुती सूत मुकाट चालतं, पण पॉलिस्टर लावलं की धागे एकमेकांपासून फटकून उभे राहतात, तुसं उडून हाताच्या केसांना चिकटतात आणि लोखंडी चौकटीला बोट लागलं की चट्! कारण साधं आहे. कापूस हवेतून वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओल असली की घासून तयार झालेला विद्युतभार साठत नाही, निघून जातो. म्हणूनच मोठ्या गिरण्यांत हवा दमट ठेवायची यंत्रणा असते. आमच्याकडे? जमिनीवर बादलीभर पाणी.

हा चटका बोटाला जाणवतो तेव्हा विजेचा दाब साधारण ३००० व्होल्टच्या पुढे असतो. माणूस मरत नाही, कारण भार अगदी थोडा. पण पेट्रोलच्या वाफेला तेवढी ठिणगी बास झाली. प्लास्टिकचा कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरून घेणारे महाभाग मी पाहिलेत. मुळात कॅन नकोच.

उपयोग म्हणाल तर झेरॉक्स आहेच, चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने १९३८ साली काढलेली युक्ती. आणि आपल्या एनटीपीसीसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रात धुरातली राख आधी भारित करतात, ती पत्र्यांवर चिकटते, मग हातोडे पत्र्यांना ठोकून खाली पाडतात. चादर झटकल्यासारखंच.