शिंतोडे, ओघळ आणि फोटोशॉप ७

२००० नंतरच्या पोस्टरवर शिंतोडे आणि ओघळांची जी शैली पसरली, तिच्याबद्दल 'हे सगळं अमेरिकी ग्राफिक डिझायनर डेव्हिड कार्सनचंच पुढे चालू राहिलं' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. खरवडलेली, एकमेकांवर चढलेली अक्षरं कार्सनने सजवलेल्या 'रे गन' या अमेरिकी संगीत-मासिकातून (१९९२पासून) रुजली, हे मान्य. पण २००० नंतरचे स्टेन्सिल, ओघळलेला स्प्रेचा रंग, विजेच्या तारांच्या काळ्या आकृत्या रस्त्यावरच्या भिंतींवरून आल्या. त्यांचा एवढा सुळसुळाट झाला त्यामागे सॉफ्टवेअरही आहे, आणि ते या चर्चेत कुणी मांडलेलं नाही.

फोटोशॉप ७मध्ये (२००२) ब्रशचं इंजिन, म्हणजे ब्रशचे ठसे उमटवणारी यंत्रणा, नवं आलं. प्रत्येक ठशाचा आकार, कोन, विखुरणं आपोआप बदलायला लागलं. त्याआधी एकच डाग पुन्हा पुन्हा उमटलाय हे लगेच कळायचं. मग २००५च्या इलस्ट्रेटर सीएस२ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह ट्रेस ही सोय आली आणि भिंतीच्या फोटोचं व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र) करणं फार सोपं झालं. मी तेव्हा जुन्या टूथब्रशने कागदावर काळी शाई उडवून, वाळल्यावर स्कॅन करून स्वतःचे ब्रश बनवायचो. त्या डागांत कागदाचा खरखरीतपणा उतरायचा, तो फुकट मिळणाऱ्या तयार ब्रशच्या संचांत मला कधीच दिसला नाही. माझ्या मते ही शैली शिळी झाली ती त्या संचांमुळेच: सगळ्यांच्या पोस्टरवर तेच शिंतोडे.